सरकी, ढेप आणि सरकीचं तेल: खान्देशच्या बाजारातला माल गॉसिपॉलच्या मापाने

दिवाळी झाली की खान्देशातल्या जिनिंग फॅक्टऱ्या भरात येतात. रुई गाठींत बांधली जाते, सरकी ऑईल मिलकडे जाते. तिथून ढेपेची पोती पशुखाद्याच्या दुकानात आणि तेलाचे डबे किराण्यात पोचतात. एकाच बीचा हा माल गिऱ्हाइकाला पाच रूपांत मिळतो: अख्खी सरकी, सालीसकट गाळलेली एक्सपेलरची ढेप, सोललेल्या सरकीची ढेप, सॉल्व्हंट प्लांटची डी.ओ.सी. (रासायनिक द्रावकाने तेल काढून उरलेली पेंड) आणि तेल. दुकानदार भाव सांगतो, फार तर प्रोटीनचा आकडा सांगतो. या परीक्षणात पाचही रूपं एकाच प्रश्नावर तपासली आहेत. बीमध्ये जन्मतः असलेलं गॉसिपॉल हे विष या मालात कुठे गेलं? तेवढं कळलं की कोणता माल दुभत्या म्हशीला चालतो, कोणता वासराच्या दावणीजवळही नको आणि कोणतं तेल कढईत घालू नये, याचं उत्तर दुकानात उभ्या उभ्या देता येतं.

गॉसिपॉल डोळ्यांनी बघता येतं. एक सरकी घ्या, ब्लेडने उभी चिरा. पिवळट पांढऱ्या गरात मिऱ्याची भरड पेरल्यासारखे काळपट ठिपके दिसतील. त्या ग्रंथी, आणि गॉसिपॉल त्यांत भरलेलं असतं. कपाशीच्या पानावर आणि बोंडावरही असेच ठिपके असतात. अळ्या आणि उंदीर यांच्यापासून वाचायला झाडाने केलेली ही सोय आहे. कपाशीचं शास्त्रीय नाव गॉसिपियम आणि हा पदार्थ फिनॉल कुळातला, म्हणून नाव गॉसिपॉल. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात जातं. हा गुणधर्म लक्षात ठेवा, कारण गोठ्यातल्या निम्म्या गैरसमजांचं मूळ तिथे आहे.

आता ते पेशीत काय करतं ते. गॉसिपॉलच्या रेणूला दोन टोकांना दोन अल्डिहाइड गट असतात. प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला ते चिकटतात. जे गॉसिपॉल असं आधीच प्रथिनाला चिकटून बसलं ते ‘बद्ध’, ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. जे मोकळं राहिलं ते ‘मुक्त’, आणि खरी भीती याची. मुक्त गॉसिपॉल रक्तात येतं, यकृतात साठतं आणि पेशीतल्या तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे मायटोकाँड्रियांपर्यंत पोचतं. तंतुकणिका अन्न जाळून त्या बळावर आपल्या पटलापलीकडे प्रोटॉन चढवून ठेवते. ते प्रोटॉन ठरलेल्या वाटेने परत उतरताना एटीपी तयार होतं, आणि पेशी त्या एटीपीवर जगते. गॉसिपॉल या पटलातून चोरवाट काढतं. विहिरीवरची मोटार चालू आहे, वीज जळते आहे, पण पाट मध्येच फुटला आहे आणि केळीच्या बागेत पाणी पोचत नाही, असं केळी पिकवणाऱ्या माणसाला सांगितलं तर लगेच कळेल. प्राणवायू वापरला जातो, अन्न जळतं, एटीपी मात्र होत नाही.

ज्या पेशींना क्षणाचीही उसंत नसते त्या आधी खचतात. हृदयाच्या स्नायूपेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात, म्हणून पहिला मोठा घाव हृदयावर बसतो. हृदय ढिलं पडलं की रक्त मागे तुंबतं, यकृत फुगतं, छातीत आणि पोटात पाणी साचतं. दुसरीकडे गॉसिपॉल लोहाला पकडून ठेवतं, त्यामुळे हिमोग्लोबिन घटतं. तांबड्या पेशींचं पटल नाजूक होतं आणि त्या लवकर फुटतात. शिवाय त्याच्यामुळे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि ते पटलातली मेदाम्लं जाळतात. हे सारं एका दिवसात घडत नाही. आठवडे, कधी दोन-तीन महिने ते साचत जातं, आणि म्हणूनच माणूस ढेपेवर संशय घेत नाही.

थोर, म्हणजे पूर्ण वाढलेली गाय-म्हैस यातून बऱ्यापैकी वाचते ती कोठीपोटामुळे, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटामुळे. तिथल्या जिवाणूंची आणि खाद्याची प्रथिनं गॉसिपॉलला आधीच धरून ठेवतात, बरंचसं मुक्त गॉसिपॉल तिथेच बद्ध होतं. पण ही मर्यादित ताकदीची गाळणी आहे. वासराला ती नसते आणि कोंबडीला तर कधीच नसते.

अख्खी सरकी

गुणवत्तेच्या दृष्टीने हा फार चांगला माल आहे. १८ ते २० टक्के तेल, २० टक्क्यांच्या वर प्रोटीन, आणि वरच्या लवेमुळे पचणारा तंतू. दुधाची फॅट टिकते, म्हशीचं तूप रवाळ उतरतं. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचा पोत इतका वेगळा असतो की तुपाच्या शुद्धतेच्या निकषांत कापूस-पट्ट्यासाठी आर.एम. आकडा (तुपातल्या उडून जाणाऱ्या आम्लांचं माप) वेगळा, कमी धरतात. लांब साखळीची मेदाम्लं वाढून लोण्यातल्या छोट्या, उडून जाणाऱ्या आम्लांचं प्रमाण उतरतं, म्हणून आकडा उतरतो. त्यात भेसळ नसते.

मुक्त गॉसिपॉल मात्र पाच रूपांत सगळ्यात जास्त इथे, साधारण अर्धा ते एक टक्का, वाणाप्रमाणे कमीजास्त. हिशेब असा करावा: ०.६ टक्का धरलं तर एका किलोत ६,००० मिलिग्रॅम. दोन किलो सरकी खाणारी, दिवसाला १२ किलो कोरडा आहार असलेली म्हैस १२,००० मिलिग्रॅम गॉसिपॉल घेते, म्हणजे एकूण आहारात १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग). थोर दुभत्या जनावराला अख्ख्या सरकीतून सोसवण्याची ही वरची कड आहे. लवेतली बी कोठीपोटात हळूहळू उकलते, म्हणून एवढं तरी चालतं. भरडून दिली तर तेच गॉसिपॉल एकदम सुटतं. तेव्हा मोठ्या म्हशीला दीड ते दोन किलो, तीनशे किलोच्या आसपासच्या गावठी गायीला एक किलो, तेही दोन वेळात वाटून. दोन किलोंच्या पुढे गेल्यास गॉसिपॉलआधी तेल त्रास देतं: चारशे ग्रॅमपेक्षा जास्त तेल कोठीपोटातल्या कडबा पचवणाऱ्या जिवाणूंवर बसतं आणि शेण पातळ होतं.

‘रात्रभर भिजवली, पाणी ओतून दिलं, विष गेलं’ हा समज चुकीचा आहे. गॉसिपॉल पाण्यात उतरतच नाही. भिजवल्याने ग्रंथी फुटतात, बी मऊ होते, चघळायला सोपी जाते, एवढंच. शिजवल्याने मात्र खरा फरक पडतो. फुटलेल्या ग्रंथींतलं गॉसिपॉल ओल्या उष्णतेत गराच्या प्रथिनाला चिकटतं आणि मुक्ताचं प्रमाण घटतं. म्हणून सरकी द्यायचीच तर भिजवून मग शिजवावी आणि त्याच दिवशी संपवावी. भिजवलेली उरली तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते आणि बुरशी धरते.

घेताना रंग पाहा. लाल, गुलाबी, निळी किंवा हिरवी झाक असलेली, लव नसलेली गुळगुळीत सरकी म्हणजे पेरणीचं औषध चोळलेलं बियाणं. हंगामाअखेर उरलेल्या पाकिटांतला असा माल कधीकधी स्वस्तात फिरतो. तो चारायचा नाही, त्याला धुणं किंवा शिजवणं हा उपाय नाही.

एक्सपेलरची ढेप

खान्देशात ‘सरकीची ढेप’ म्हटलं की बहुतेक हीच. सरकी सालीसकट एक्सपेलरमध्ये दोन-तीनदा काढलेली, चपट्या तुकड्यांची, तपकिरी. प्रोटीन २० ते २३ टक्के, उरलेलं तेल ६ ते ७ टक्के, तंतू चोवीस-पंचविसाच्या पुढे. पाचही रूपांत रोजच्या दावणीसाठी याच मालाला पहिला क्रमांक. कारण एक्सपेलरच्या पिंपात दाब आणि उष्णता एकत्र मिळतात, ग्रंथी चिरडल्या जातात आणि सुटलेलं गॉसिपॉल जागच्या जागी प्रथिनाला चिकटतं. मुक्त गॉसिपॉल ०.०२ ते ०.०५ टक्के इतकं खाली येतं. किलोत ३०० मिलिग्रॅम धरा. तीन किलो ढेप म्हणजे ९०० मिलिग्रॅम, बारा किलो कोरड्या आहारात ७५ पीपीएम. दुभत्या गायीला यात कसलीही अडचण नाही.

याची किंमत लायसिनमध्ये मोजावी लागते. गॉसिपॉल बद्ध होतं ते लायसिन अडवून, त्यामुळे कागदावर २२ टक्के दिसणाऱ्या प्रोटीनमधलं थोडं जनावराच्या अंगी लागत नाही. मिलने उष्णता जास्त ठेवली की ढेप काळपट, जळक्या वासाची होते. गॉसिपॉल अगदी कमी, पण प्रोटीनही मेलेलं. चांगल्या ढेपेचा रंग मध्यम तपकिरी, वास भाजलेल्या शेंगदाण्याकडे झुकणारा, तुकडा मोडताना कडक आवाज. बोटाने चोळल्यावर किंचित तेलकट लागली पाहिजे. हिरवट-पिवळी, मऊ, चिवट ढेप म्हणजे उष्णता कमी पडलेली किंवा पाणी मारलेली.

सोललेल्या सरकीची ढेप आणि डी.ओ.सी.

साल काढून गाळलेल्या ढेपेत प्रोटीन ३६ ते ४० टक्के मिळतं. भाव जास्त, पण हिशेब प्रोटीनवर करा. समजा सालीसकट ढेप ३५ रुपये किलो आणि प्रोटीन २२ टक्के: ३५ भागिले ०.२२, म्हणजे एक किलो प्रोटीन १५९ रुपयांना. सोललेली ४५ रुपये आणि ३८ टक्के: ४५ भागिले ०.३८, म्हणजे ११८ रुपये. त्या दिवसाचे भाव घालून हा भागाकार दुकानातच करावा. बहुतेक वेळा महाग दिसणारं पोतं स्वस्त निघतं. पण ग्रंथी सालीत नसतात, गरात असतात. साल गेली की प्रत्येक किलोत गॉसिपॉलही वाढतं. म्हणून सोललेली ढेप सालीच्या ढेपेच्या वजनाइतकी टाकू नये. तीन किलोंच्या जागी पावणेदोन किलो पुरे.

डी.ओ.सी.च्या बाबतीत एकच प्रश्न विचारायचा: आधी एक्सपेलर मारून मग सॉल्व्हंट, की थेट सॉल्व्हंट? पहिल्या पद्धतीत मुक्त गॉसिपॉल ०.०२ ते ०.०७ टक्के राहतं. थेट सॉल्व्हंटच्या मालात ते ०.१ ते ०.५ टक्क्यापर्यंत जाऊ शकतं, कारण हेक्झेन हे द्रावक तेल ओढून नेतं पण कोरड्या ग्रंथी फारशा फुटत नाहीत आणि बद्ध व्हायला पुरेशी ओली उष्णता मिळत नाही. दिसायला दोन्ही माल सारखे. तेल दोन्हींत टक्काभरच, त्यामुळे फॅटसाठी उपयोग नाही. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर हा माल फक्त थोर जनावरांना, तोही किलोभराच्या आत. वासराला आणि वळूला अजिबात नको. या गटातला हा सगळ्यात कमी गुणांचा माल.

वासरू, पारडू आणि वळू

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. वासराचं कोठीपोट कामाला लागायला तीन-चार महिने जातात. तोपर्यंत त्याचं पोट माणसासारखंच समजा. त्याच्या एकूण आहारात मुक्त गॉसिपॉल १०० पीपीएमच्या वर नको. चांगल्या एक्सपेलर ढेपेचे फक्त २०० ग्रॅम म्हणजे ६० मिलिग्रॅम. ६०० ग्रॅम कोरडं खाणाऱ्या वासराला तेवढ्यातच १०० पीपीएम होतात. थेट सॉल्व्हंटच्या डी.ओ.सी.चे १०० ग्रॅम, ०.३ टक्क्याने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० पीपीएम. मर्यादेच्या पाचपट. ‘मूठभर तर टाकली’ असं म्हणतात ती मूठ ही एवढी असते.

लक्षणं हळू येतात. आधी खाणं कमी, केस उभे, वाढ थांबते. मग श्वास जोरात, पोट आत ओढत; गळ्याखाली, छातीला सूज; कधी लघवी तांबूस. पळताना किंवा दाव्याला ओढाताण झाल्यावर पारडू अचानक कोसळतं आणि लोक ‘छाती भरली’ म्हणतात. फुप्फुसाचा आजार समजून अँटिबायोटिक दिलं जातं आणि ढेप चालूच राहते. गॉसिपॉलवर उतारा नाही. ढेप-सरकी त्याच दिवशी बंद, पशुवैद्यकाला आजवर किती आणि कोणता माल चारला ते स्पष्ट सांगायचं, जनावराला धावपळ करू द्यायची नाही. बंद केल्यानंतरही दोनेक आठवडे धोका राहतो, कारण यकृतातला साठा ओसरायला वेळ लागतो.

चार महिन्यांपर्यंतच्या वासरासाठी सरकीविना खुराक सहज बनतो: भरडलेला मका ५० किलो, सोयाबीनची भाजलेली पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, क्षारमिश्रण २, मीठ १. सोयाबीनची पेंड भाजलेलीच हवी, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचवणारं ट्रिप्सिन अडवणारे घटक असतात. चार महिन्यांनंतर एक्सपेलरची ढेप पाव किलोपासून सुरू करून दर पंधरवड्याला थोडी वाढवावी.

वळू आणि तयार होणारा गोऱ्हा यांच्याबाबत लोक फार ढिले राहतात. शुक्राणूचा मधला भाग तंतुकणिकांनी गुंडाळलेला असतो, शेपटी हलवायची ताकद तिथून येते. गॉसिपॉल तो भागच विस्कटतं. वळू धष्टपुष्ट दिसतो, चढतोही, पण गायी उलटत राहतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, म्हणून सरकी बंद केल्यावर सुधारणा दिसायला दोन-तीन महिने धरावे लागतात. आहारात ई जीवनसत्त्व पुरेसं असेल, म्हणजे हिरवा चारा असेल, तर हे नुकसान कमी होतं. उन्हाळ्यात कडबा आणि सरकी एवढ्यावर ठेवलेला वळू सगळ्यात धोक्यात. माणसातही हा परिणाम खरा आहे. चीनमध्ये १९७० च्या दशकात ८,००० हून अधिक पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून गॉसिपॉलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. शुक्राणू घटले, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरून हातापायांची ताकद गेली आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. प्रयोग सोडून द्यावा लागला.

परसातल्या कोंबड्यांना ढेपेचा चुरा टाकणाऱ्यांसाठी एवढंच: अंडी काही दिवस ठेवली की पिवळा बलक शेवाळी-हिरवट होतो. गॉसिपॉल बलकातल्या लोहाला धरतं म्हणून. सरकीच्या तेलातल्या सायक्लोप्रोपीन मेदाम्लांमुळे पांढरा बलक गुलाबीही होतो. अंड्यांवरच्या कोंबडीला सरकीचं काहीही नको.

दुकान कसं आहे ते बघून माल घ्या

तालुक्याच्या गावच्या बऱ्याच दुकानांची एक सवय धोक्याची आहे. पशुखाद्याच्या पोत्यांना लागून एरंडाची ढेप आणि निंबोळी पेंड रचलेली असते, कारण केळीवाले ती खत म्हणून नेतात. एकच फावडं, एकच तराजू, फाटलेल्या पोत्यांतला एकच सांडलेला चुरा. एरंडाच्या ढेपेत रिसिन असू शकतं. गॉसिपॉल पेशीच्या ऊर्जेला गळती लावतं, रिसिन पेशीचा प्रोटीनचा कारखानाच बंद पाडतं. त्याचा एक रेणू आत शिरला की रायबोझोमच्या आरएनएमधला एक नेमका ॲडेनीन उचकटतो, तो रायबोझोम कायमचा बाद, मग पुढचा. एक रेणू मिनिटाला हजारावर रायबोझोम निकामी करू शकतो. आतड्याचं अस्तर आधी जातं: रक्ताची हगवण, थकवा, मृत्यू. जिथे खताच्या आणि खाद्याच्या ढेपा एकत्र ठेवलेल्या दिसतील, तिथे माल स्वस्त असला तरी घेऊ नये. सुटी ढेप तर नाहीच, शिवलेलं पोतंच घ्यावं.

भेसळ तपासायला घरचं सामान पुरतं. मूठभर चुरा काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा आणि पाच मिनिटं थांबा: माती-वाळू तळाला बसते, भुईमुगाची टरफलं आणि लाकडाचा भुसा वर तरंगतो. प्रोटीनचा आकडा फुगवायला युरिया मिसळतात, कारण प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते आणि युरियात नायट्रोजन भरपूर. ढेपेच्या ओल्या चुऱ्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ घाला, झाकणाच्या बाटलीत कोमट जागी वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. झाकण काढताच अमोनियाचा झणका आला किंवा ओला लाल लिटमस निळा झाला तर युरिया आहे. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे काम करतं. भाजलेलं पीठ चालणार नाही.

थोर दुभत्या जनावराच्या बाबतीत गॉसिपॉलपेक्षा मोठी काळजी बुरशीची. गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडात ॲस्परजिलस बुरशी आधीच शिरलेली असते, आणि ओलसर गोदामात ढेपेवर ती पसरते. तिचं अफ्लाटॉक्सिन बी-१ यकृतात गेल्यावर तिथलीच विकरं त्याला अशा रूपात बदलतात की ते थेट डीएनएच्या ग्वानीनला चिकटतं. पेशी विभागताना त्या जागी चुकीची अक्षरं छापली जातात, यकृताच्या कर्करोगाची सुरुवात तिथून होऊ शकते. गाय त्यातलं थोडं एम-१ रूपात दुधात टाकते. बुरशीची ढेप खाल्ल्यापासून दिवसभरात ते दुधात दिसतं, बंद केल्यावर तीन-चार दिवसांत उतरतं. दूध उकळल्याने ते जात नाही. पशुखाद्यासाठी मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम, दुधातल्या एम-१ साठी ०.५ मायक्रोग्रॅम. कुबट वास, हिरवट-राखाडी पूड, आतून गरम लागणारं पोतं परत करा. पण नाकाला वास नाही म्हणून माल शुद्ध, असं नसतं. दूध संघाकडे किंवा प्रयोगशाळेत तपासणीला पाठवताना एका पोत्यातली मूठ पाठवू नये. बुरशी ठिपक्याठिपक्याने असते. दहा पोत्यांतून, प्रत्येकाच्या मधून आणि कडेने काढून, एकत्र कालवून किलोभर नमुना करावा.

घरी पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतीच ढेप आणावी. उन्हाळ्यात स्वस्त मिळाली म्हणून चार महिन्यांचा साठा केला तर श्रावणात त्याची किंमत दुधातून वसूल होते.

तेल

शेंगदाण्याच्या, करडईच्या, तिळाच्या घाण्याच्या तेलाची चव आणि वास खान्देशी माणसाला पटतो, आणि त्या तेलांसाठी तो हट्ट रास्त आहे. पण लाकडी घाण्याची लाट आली म्हणून सरकीचंही ‘शुद्ध, अनरिफाइंड’ तेल घ्यावं, हे साफ चूक. कच्चं सरकीचं तेल तांबूस-काळं आणि कडवट असतं, आणि तो रंग बराचसा गॉसिपॉलचाच. इथे रिफायनिंग म्हणजे विष काढण्याची पायरी. कॉस्टिक सोड्याने तेल उदासीन करताना गॉसिपॉल साबणासारख्या गाळात निघून जातं. मग पांढऱ्या मातीने रंग उतरवतात, आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास काढताना सायक्लोप्रोपीन आम्लंही बरीच घटतात. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसारही माणसाच्या खाण्यासाठी सरकीचं तेल रिफाइंडच असावं लागतं. अमेरिकेत मानवी अन्नात मुक्त गॉसिपॉलची मर्यादा ४५० पीपीएम आहे. नीट रिफाइंड केलेलं तेल तिच्या कितीतरी खाली असतं.

रिफाइंड सरकीचं तेल तळणासाठी खरंच चांगलं. वास नाही, पदार्थाची चव झाकत नाही, शेव-फरसाण कुरकुरीत राहतं. फिकट सोनेरी हवं. काचेच्या ग्लासात उजेडाकडे धरल्यावर लालसर झाक नको. थंडीत तळाला पांढरट गोठा बसतो, तो पामिटिक आम्लाचा, दोष नाही. कोमट जागी ठेवल्यावर विरघळतो. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर त्यात नवे विषारी पदार्थ तयार होतात, त्याचा सरकीशी संबंध नाही, ते कुठल्याही तेलात होतं.

विनागॉसिपॉलची सरकी का पिकवत नाहीत, हा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्रंथी नसलेल्या कपाशीचे वाण तयार झाले होते. शेतात ते टिकले नाहीत. संरक्षण गेल्यावर अळ्यांनी आणि उंदरांनी फडशा पाडला. पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी झाडात गॉसिपॉल ठेवून फक्त बीतलं घटवणारी कपाशी तयार केली, २००६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये तिला लागवडीची मोकळीक दिली आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीएने) खाण्यास हरकत नसल्याचं सांगितलं. ‘बीटी’ अळीसाठी आहे, गॉसिपॉलसाठी नाही. बीटी सरकीत गॉसिपॉल नसतं असं कुणी दुकानात सांगत असेल तर तो माल तिथेच ठेवावा.

तेलाच्या पिशवीवर ‘रिफाइंड कॉटनसीड ऑईल’ असं स्पष्ट हवं. ‘ब्लेंडेड’ लिहिलं असेल तर दोन तेलांचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं, त्यात कुठलंही तेल २० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. ते आकडे नसतील तर पिशवी घेऊ नका. सुट्या डब्यातून मापाने मिळणारं लालसर ‘सरकीचं देशी तेल’ पणतीत आणि गाडीच्या आसाला वापरा.